फी कोण भरतं?

नायजेरियातल्या लागोसच्या कोर्टात न्नू एगो साक्षीला उभी आहे. खटला तिच्या नवऱ्यावर, न्नाइफेवर आहे. मुलगी योरुबा या दुसऱ्याच जमातीच्या घरात लग्न करायला निघाली म्हणून हा इग्बो बाप कोयता घेऊन त्या लोकांच्या दारात गेला आणि एकाला जखमी करून बसला. सरकारी वकील न्नू एगोला घरातली साधीच माहिती विचारतो. मुलाच्या शाळेची फी कोण भरतं? ती म्हणते, नवरा. पुढच्या प्रश्नांत निघतं की पैसे तीही भरते, लाकूडफाटा विकून. मग नवरा भरतो असं कसं म्हणता? तिचं उत्तर सरळ आहे. न्नाइफे आमच्या घरचा कर्ता. आकाशातला देव जसा आपला सगळ्यांचा धनी, तसा तो माझा धनी. म्हणजे मी भरते तेव्हाही भरणारा तोच. कोर्ट हसतं.

नायजेरियन लेखिका बुची एमेचेटाच्या ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ (1979) या कादंबरीतला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मीही हसले होते. दुसऱ्या वाचनात मात्र बरीच पानं मागे जावं लागलं, कारण हे वाक्य आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. ते खरंच आधी येऊन गेलेलं आहे. दुसरं महायुद्ध चालू आहे, न्नाइफे रेल्वेच्या आवारात गवत कापायच्या नोकरीवर आहे आणि एके दिवशी साहेबाची माणसं त्याला कामावरूनच परस्पर उचलून सैन्यात भरती करतात. घरी निरोपसुद्धा नाही. न्नू एगो विचारते, असं उचलून न्यायचा त्यांना हक्क आहे का? नवऱ्याचा मित्र उबानी सांगतो की इंग्रज आपले धनी आहेत, देव असतो तसे. आणि देवासारखेच ते आपल्यातल्या कोणालाही हवं तेव्हा नेऊ शकतात.

एकच उपमा, दोन ठिकाणी. साम्राज्य न्नाइफेचं धनी आहे देवासारखं, आणि न्नाइफे न्नू एगोचा धनी आहे देवासारखा. एमेचेटा यावर भाष्य करत नाही. उपमा तिथे ठेवते आणि कथा पुढे नेते. पण मला विचाराल तर आफ्रिकेतल्या बाईच्या कथनात्मक साहित्याबद्दल जे काही म्हणायचं आहे, ते या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात आहे.

हे लिहायचं निमित्त असं की एका वाचनगटात आफ्रिकेतल्या बायकांच्या गोष्टी सांगणाऱ्या कादंबऱ्यांवर बोलणं चाललं होतं आणि एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण मोठा शत्रू कोण ते एकदा ठरवा. गोरा साहेब की नवरा?” प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला होता. आपल्याकडच्या चर्चांमध्ये तो वेगवेगळ्या वेशात सतत भेटतो. आधी वर्ग की आधी जात, आधी देश की आधी बाई. माझं म्हणणं इतकंच की या कादंबऱ्या त्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आणि ती त्यांची उणीव नव्हे. तो प्रश्न विचारता येतो तोच मुळी अशा जागेवरून, जिथे दोन धन्यांपैकी एकाचाच जाच आपल्या वाट्याला आलेला असतो. न्नू एगोला दोघे वेगवेगळे दिसतच नाहीत. तिच्या लाकडाच्या मोळीतले पैसे एका हाताने नवरा घेतो आणि दुसऱ्या हाताने सरकार, आणि बरेचदा तो हात एकच असतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. न्नाइफे हा इबुझा गावचा शेतकऱ्याचा मुलगा, लागोसमध्ये एका गोऱ्या कुटुंबाकडे कपडे धुतो. मेमसाहेबांची आतली वस्त्रंसुद्धा. न्नू एगोला आधी त्याची किळस येते. तिचा बाप अगबाडी म्हणजे हत्तीची शिकार करणारा नामांकित सरदार, आणि हा पोट सुटलेला धोबी. शेजारची कॉर्डेलिया, उबानीची बायको, तिला समजावते की इथले पुरुष गोऱ्यांचे नोकर होण्यात इतके गुंतलेत की पुरुष व्हायला त्यांना सवड नाही. तेही गुलाम, आपणही गुलाम. मालकाने त्यांना वाईट वागवलं की ते आपल्यावर काढतात. फरक एवढाच की त्यांना विकत घेण्याऐवजी पगार मिळतो.

कॉर्डेलियाचं हे बोलणं अनेक लेखांत उद्धृत होतं आणि तिथेच थांबतं. जणू गोऱ्या साहेबाने पुरुषाला चिरडलं, पुरुषाने बाईला, आणि साहेब गेला की साखळी आपोआप सुटेल. कादंबरी तिथे थांबत नाही. इबुझात शेती होती तेव्हा नवऱ्यावर बायकोला पोसायची काही जबाबदारी होती, बाईचं स्वतःचं शेत होतं, बाजार होता, माहेर हाकेच्या अंतरावर होतं. लागोसमध्ये नवऱ्याचा हक्क सगळा शिल्लक राहिला, जबाबदारी मात्र पगाराच्या पाकिटात गेली, आणि पाकीट त्याच्या हातात. भाऊ मेला की त्याच्या बायका वारसाने आपल्याकडे येतात हा रिवाज न्नाइफे शहरातही पाळतो. मोठ्या भावाची विधवा अडाकू एका खोलीच्या घरात येऊन दाखल होते. दोन बायकांना पुरेसं अन्न द्यायचा रिवाज मात्र शहरात पोचत नाही. परंपरेतलं सोयीचं तेवढं गाडीत चढलं आणि बाकीचं गावच्या स्टेशनवर राहिलं. ही निवड न्नाइफेने एकट्याने केलेली नाही. पगार पुरुषाला, नोंद पुरुषाची, घर पुरुषाच्या नावावर ही सगळी सरकारी व्यवस्था त्याच्या पाठीशी उभी आहे.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1929 च्या नोव्हेंबरात आग्नेय नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा नावाची विधवा घरी पामतेल काढत होती. सरकारने नेमलेल्या वॉरंट चीफचा माणूस मोजणी करत आला आणि म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि माणसं मोज. आदल्या साली पुरुषांवर कर बसला होता, त्याचीही सुरुवात अशीच मोजणीने झाली होती. तिने विचारलं, तुझ्या आईला कोणी मोजलं होतं का? बाचाबाची झाली, ती बायकांच्या सभेकडे गेली, तिथून निरोप गावोगाव गेले. हजारो बायका बाहेर पडल्या. इग्बो बायकांकडे एक जुनं हत्यार होतं: एखाद्या पुरुषाने मर्यादा ओलांडली तर सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात ठिय्या द्यायचा, त्याच्यावर रचलेली टोमण्यांची गाणी गायची, मुसळांनी भिंती बडवायच्या, आणि तो शरण येईपर्यंत हलायचं नाही. हेच त्यांनी वॉरंट चीफांच्या दारात केलं, त्यांच्या अधिकाराच्या टोप्या काढून घेतल्या, नेटिव्ह कोर्टांवर हल्ले केले. फौजेने गोळीबार केला आणि पन्नासहून जास्त बायका मारल्या गेल्या. सरकारी कागदात याचं नाव ‘आबाचा दंगा’. बायकांनी स्वतः दिलेलं नाव, ‘ओगू उमुन्वान्यी’, म्हणजे बायकांचं युद्ध.

न्वान्येरुवाला राग आला तो निव्वळ कराचा नव्हता. इंग्रजांनी अप्रत्यक्ष राज्यपद्धती, म्हणजे स्थानिक मुखियांमार्फत राज्य करायची रीत, आणली तेव्हा त्यांना गावोगाव ‘राजा’ हवा होता. अनेक इग्बो गावांना राजा नव्हताच, तिथे वडीलधाऱ्यांच्या, वयोगटांच्या आणि बायकांच्या सभा होत्या. साहेबाला बायकांची सभा दिसलीच नाही. त्याच्या डोक्यातल्या सरकारात बायका नव्हत्या. मग त्याने एका पुरुषाला टोपी घातली, शिक्का दिला आणि जाहीर केलं की ही तुमची परंपरा. इतक्या बायका एकमताने कशा हलल्या हेही अधिकाऱ्यांना उमजेना.

यावरून घाईने कोणी असा निष्कर्ष काढेल की साहेब येण्याआधी तिथे बायकांचं राज्य होतं. असं लिहिणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांनी खोदून काढलेलं बरंच काही मोलाचं आहे. पण एमेचेटा त्या भाबडेपणाला कादंबरीच्या सुरुवातीलाच चाप लावते. अगबाडीची थोरली बायको मरते. तिच्या सोबतीला तिची दासी जिवंत पुरायची असते. ती पोर तरुण आहे, देखणी आहे, मरायची नाही म्हणून हातापाया पडते, आणि तिला डोक्यात घाव घालून खड्ड्यात लोटलं जातं. जाताना ती म्हणते, मी परत येईन. पुढे जन्मलेल्या न्नू एगोच्या डोक्यावर तशीच जखमेची खूण निघते आणि वैद्य सांगतो, ती दासीच हिची ‘ची’ आहे, म्हणजे जन्मभर सोबत असणारी दैवी सावली. तेव्हा गोऱ्या माणसाचा या गावात पत्ताही नव्हता असं नाही, पण हा घाव त्याने घातलेला नाही. सरदाराच्या लाडक्या लेकीचं नशीब तिच्याच घराने पुरलेल्या गुलाम मुलीच्या हातात ठेवणं, ही एमेचेटाची मला सगळ्यात थोर वाटणारी कल्पना आहे. वाड्यावरची बाई आणि दासी यांच्यात ‘आपण सगळ्या बायका’ असं म्हणून पूल बांधता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तर परंपरा स्वर्ग नव्हती आणि साहेब तारणहार नव्हता. मग उरलं काय? उरलं संगनमत. मराठी वाचकाला ते समजायला फार लांब जावं लागू नये. रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी झालेलं लग्न. नांदायला जायला नकार. 1884 मध्ये नवरा दादाजी मुंबईच्या हायकोर्टात. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्ही यांनी म्हटलं होतं की बायकोला जबरदस्तीने नांदायला लावणारा हा दावा मुळी हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आलेला आहे. म्हणजे हत्यार विलायती. तरी ते हिसकावून घेतल्यावर धर्म बुडाल्याची ओरड आपल्याकडे झाली. अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. इंग्रजांचा कायदा आणि आपला धर्म एकमेकांविरुद्ध लढत असल्याचा देखावा वर्तमानपत्रांत चालू होता आणि रखमाबाईंच्या घराबाहेर मात्र दोघे एकाच बाजूला उभे होते.

पुढे 1891 च्या संमतिवयाच्या बिलावर टिळकांनी घेतलेली भूमिकाही आपल्याला माहीत आहे: परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये. केनियात 1929-30 च्या सुमाराला अगदी असाच प्रसंग गिकुयू समाजात घडला. मुलींच्या सुंतेला मिशनऱ्यांनी विरोध केला, सुंता सोडायला तयार नसलेल्यांना चर्चमधून आणि मिशनच्या शाळांतून दूर केलं, आणि बघताबघता सुंता हा राष्ट्रवादाचा प्रश्न झाला. पुढे देशाचे पहिले अध्यक्ष झालेल्या जोमो केन्याट्टा यांनी 1938 च्या आपल्या पुस्तकात तिचं समर्थन केलं. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. जमीन लुटणाऱ्यांनी आमच्या मुलींचा कळवळा दाखवावा हा ढोंगीपणाच होता. पण या वादात दोन्हीकडचे वक्ते पुरुष होते आणि ज्या शरीरावर वाद चालला होता ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचं होतं.

केनियाच्या न्गुगी वा थिओंगोने ‘द रिव्हर बिटवीन’मध्ये (1965) हा प्रसंग घेतला. ख्रिस्ती उपदेशकाची मुलगी मुथोनी ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनही सुंता करून घेते, तिला आपल्या टोळीतली पूर्ण बाई व्हायचं असतं, आणि जखम चिघळून ती मरते. न्गुगी माझा आवडता लेखक. तरी मला मुथोनीबद्दल तक्रार आहे. दोन डोंगरांवरच्या, एकीकडे ख्रिस्ती आणि दुसरीकडे परंपरा धरून बसलेल्या, पुरुषांच्या भांडणाला पूल हवा होता म्हणून ती मरते, असं मला दर वेळी वाटतं. तिच्या दुखण्यापेक्षा तिच्या प्रतीकाकडे लेखकाचं लक्ष जास्त आहे. त्यापेक्षा सेनेगलचा सेम्बेन उस्मान अधिक जमिनीवर आहे. डाकार-नायजर रेल्वेच्या 1947-48 च्या संपावरची त्याची कादंबरी (1960) सुरू पुरुषांच्या संपाने होते आणि ताब्यात जाते बायकांच्या. घरातलं धान्य संपलेलं, नळ बंद केलेले. रेल्वे कंपनी कौटुंबिक भत्ता नाकारते, कारण तिच्या हिशेबी या कामगारांच्या बायका म्हणजे बायकाच नव्हेत, रखेल्या. थिएसपासून डाकारपर्यंत बायकांचा मोर्चा चालत निघतो, पुढे पेंडा नावाची वेश्या. शहराच्या तोंडाशी तिला गोळी लागते. भत्त्याच्या एका कलमात फ्रेंच साहेबाचा तुच्छपणा आणि घरातल्या बाईचा भाकरीचा प्रश्न सेम्बेनने कसा एकत्र बांधला ते बघण्यासारखं आहे. भाषणापेक्षा भत्ता जास्त बोलतो.

पैसा हा माझा या वाचनातला धागा आहे, आणि तो सगळ्यात चिवट मिळतो त्सित्सी दांगारेंब्गाच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’मध्ये (1988). साठीच्या दशकातलं ऱ्होडेशिया, आजचं झिंबाब्वे. भाऊ मेला याचं मला दुःख झालं नाही, या वाक्याने तांबू आपली गोष्ट सुरू करते. घरात फीपुरते पैसे नाहीत, म्हणून भाऊ शिकतो आणि ती थांबते. आई समजावते: एका बाजूला काळेपणाचं दारिद्र्य, दुसऱ्या बाजूला बाईपणाचं ओझं, लवकर पेलायला शिक. या वाक्यावर किती प्रबंध उभे असतील! ‘दुहेरी शोषण’ ही संज्ञा जणू आईच्या तोंडून आयती मिळते. पण आईचा तो उपदेश तांबू ऐकत नाही, हे सांगायचं प्रबंध विसरतात. ती बापाकडून बियाणं मागून घेते, मका लावते, खुरपते. कणसं चोरीला जातात. चोर तिचा भाऊच निघतो. उरलेली कणसं मास्तरांबरोबर शहरात विकायला नेते, तिथे एक गोरी म्हातारी दया येऊन दहा पौंड देते, आणि मास्तर ते शाळेत जमा करतात. आता बाप हेडमास्तरकडे जातो. मुलगी माझी आहे ना? मग पैसे माझे नाहीत का?

लागोसचं कोर्ट आणि ऱ्होडेशियातली खेड्यातली शाळा यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे, भाषा वेगळ्या, लोक वेगळे, आणि युक्तिवाद तंतोतंत तोच. फक्त इथे बाईच्या तोंडून आलेला नाही, पुरुषाच्या तोंडून आलेला आहे, म्हणून कोणी हसत नाही.

तांबूचा काका बाबामुकुरू मिशन शाळेचा मुख्याध्यापक. इंग्लंडहून शिकून आलेला, घराण्याचा उद्धारक, कुटुंबातल्या प्रत्येकाची फी भरणारा. त्याची बायको मायगुरूही इंग्लंडला गेली होती. सगळ्यांना वाटतं, नवऱ्याची देखभाल करायला. तांबूला फार उशिरा कळतं की काकूकडेही पदव्युत्तर पदवी आहे आणि तिचा पगारही घराण्याच्या याच उदारपणात मुरतो. म्हणजे उद्धारकाची कीर्ती दोघांच्या पगारावर चालते, आणि नाव एकाचं.

याच बाबामुकुरूला एक दिवस साक्षात्कार होतो की तांबूचे आईबाप पापात राहतात, कारण त्यांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही. तो थोरल्या भावाच्या अधिकाराने हुकूम सोडतो: लग्न लावा. शोना या त्यांच्या समाजाच्या रिवाजाने झालेलं, मुलंबाळं झालेलं लग्न ख्रिस्ती नजरेने रद्द करायचं, आणि ते करायचा हक्क मात्र शोना रिवाजाने आलेला! परंपरा आणि मिशन यांचा इतका नेमका सांधा मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेला नाही. तांबू त्या दिवशी अंथरुणातून उठूच शकत नाही. शरीरच नकार देतं. शिक्षा म्हणून फटके आणि दोन आठवडे मोलकरणीचं काम. ती ते जवळजवळ आनंदाने करते.

बाबामुकुरूची मुलगी न्याशा इंग्लंडमध्ये वाढलेली. उशिरा घरी आली म्हणून बाप मारतो, तेव्हा ती उलट हात उगारते. जेवण नाकारते, खाल्लेलं बाहेर काढते, सुकत जाते. एका रात्री ती इतिहासाचं पुस्तक दातांनी फाडते. त्यांचा इतिहास, खोटारडे, म्हणते. आणि त्याच झटक्यात बापाबद्दल, आईबद्दल, स्वतःबद्दलही बोलते. कोणावर रागावली आहे हे तिलाच वेगळं काढता येत नाही. तिला शहरात नेतात तर गोरा मानसोपचारतज्ज्ञ सांगतो की आफ्रिकी माणसांना असा आजार होतच नाही. बाप म्हणणार, पोर शेफारली. डॉक्टर म्हणणार, काळ्यांना हे होत नसतं. वाचनगटातल्या त्या गृहस्थांना मला हेच पान वाचून दाखवायचं होतं. न्याशाला सांगा, आधी कोणाशी लढायचं?

बरं, साहेब गेल्यावर? सेनेगल 1960 मध्ये स्वतंत्र झाला. मारियामा बा हिच्या ‘सो लाँग अ लेटर’ची (1979) नायिका रामातुलाय ही त्या स्वातंत्र्याच्या पिढीतली शिक्षिका. नवरा मोदू पुढारलेला, कामगार चळवळीतला, मंत्रालयात वजन असलेला. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तो आपल्या मुलीच्या मैत्रिणीशी, बिनेतूशी, दुसरं लग्न करतो. रामातुलायला ही बातमी द्यायला तो स्वतः येत नाही, इमाम, मित्र आणि भाऊ येतात. पाच वर्षांनी तो मरतो आणि विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात ती मैत्रिणीला, आयसातूला, पत्र लिहिते. त्यात एक परिच्छेद निव्वळ जमाखर्चाचा आहे. बिनेतूसाठी घेतलेला बंगला बँकेच्या कर्जावर, आणि ते कर्ज रामातुलाय राहते त्या घरावर. त्या घराच्या कागदांवर नाव नवऱ्याचं, पैसे मात्र दोघांच्या बचतीचे. सवतीच्या घराचा हप्ता हिच्या भिंतींतून जातोय. इथे इंग्रज नाही, फ्रेंच नाही, वॉरंट चीफ नाही. आहे ती स्वतंत्र देशाची बँक.

मोदूचा भाऊ तामसीर चाळिसाव्याच्या विधीला येऊन म्हणतो, मी तुझ्याशी लग्न करणार. मागणी नव्हे, कळवणं. तीस वर्षं गप्प बसलेली रामातुलाय तेव्हा फुटते: मी हातोहात द्यायची वस्तू नव्हे. आणि दुसरी गोष्ट, जी मला त्याहूनही प्रिय आहे. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर घर सोडून गेलेली, दुभाषी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिलेली आयसातू, बसच्या गर्दीत धक्के खाणाऱ्या या मैत्रिणीला एक नवी कोरी फियाट 125 घेऊन देते. पुस्तकातली सगळ्यात क्रांतिकारक गोष्ट ही मोटार आहे असं मी म्हटलं तर बा हिच्या भक्तांना आवडणार नाही. पण या सगळ्या कादंबऱ्यांत एका बाईचा पैसा दुसऱ्या बाईपर्यंत मधल्या कोणत्याही पुरुषाच्या नावावरून न जाता पोचतो, अशी उदाहरणं मोजकीच आहेत.

एक आक्षेप नेहमी येतो. या लेखिका इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहितात, लंडन-पॅरिसचे प्रकाशक छापतात, मग हा स्त्रीवाद तरी देशी कशावरून? आक्षेपात तथ्याचा अंश आहे. नायजेरियाच्या फ्लोरा न्वापाची ‘एफुरू’ 1966 मध्ये हाइनेमन या लंडनच्या प्रकाशकाच्या आफ्रिकन रायटर्स मालिकेत निघाली ती सव्विसाव्या क्रमांकाने, आणि मालिकेतली ती पहिलीच बाई. पुढे न्वापाने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, ती उगाच नव्हे. एमेचेटा तर म्हणायची, स्त्रीवादी म्हणायचंच असेल तर लहान ‘f’ची feminist म्हणा. गोऱ्या बायकांच्या चळवळीची शाखा व्हायला तिला नको होतं. पण ‘बाहेरून आलेलं’ हा शिक्का कोण मारतं तेही बघावं. घानाच्या आमा आता आयडूच्या ‘चेंजेस’ (1991) मध्ये नवरा जबरदस्ती करतो तेव्हा एसीला सुचतं की या कृत्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. शब्द नाही, म्हणून कृत्यही नाही? आपल्याकडेही नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून सूट देणारं कलम 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतून आलेलं आहे, ते 2023 च्या नव्या न्यायसंहितेतही कायम राहिलं, आणि त्याच्या बाजूने बोलताना भारतीय कुटुंबसंस्थेचा हवाला दिला जातो. आयात माल नेमका कोणता?

शिवाय एमेचेटाच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळलं ते कुठल्या प्रकाशकाने नव्हे, तिच्या नवऱ्याने, लंडनमधल्या त्यांच्या घरात. ती पुन्हा लिहून 1976 मध्ये छापली. बाविसाव्या वर्षी पाच मुलं पदरात असलेल्या, लंडनमध्ये काळी म्हणून घर न मिळणाऱ्या बाईला पाश्चात्त्य प्रभावावर व्याख्यान द्यायला मी तरी धजणार नाही.

बायका या व्यवस्थेत फक्त भरडल्या जातात असंही नाही. मोदूसारख्याला मुलगी देणाऱ्या आया, सुनेला मूल नाही म्हणून मुलाला दुसरी बघणाऱ्या सासवा, सगळ्या या पुस्तकांत आहेत आणि त्या खलनायिका नाहीत. त्यांच्या हातात तेवढंच नाणं आहे, तेच त्या चालवतात. न्नू एगोला आयुष्याच्या उतरणीवर प्रश्न पडतो: मुलींवर आशा ठेवायची नाही हा कायदा केला कोणी? आणि तो आपण बायकाच सगळ्यांत जास्त पाळतो. सवत अडाकूला मात्र हा प्रश्न फार आधी पडलेला असतो. मुलगे नाहीत म्हणून गाववाले तिलाच सुनावतात, तेव्हा ती वारसाने मिळालेला संसार सोडते, मला वेश्या म्हणायचं तर म्हणा म्हणते, व्यापार करते आणि दोन्ही मुलींना शाळेत घालते. फी कोण भरतं असं तिला कोणी विचारलं असतं तर उत्तर एका शब्दाचं होतं. लेखिकेने तिला अर्ध्या वाटेवर कथेबाहेर जाऊ दिलं याची मला चुटपुट लागते. तिच्या मुलींचं पुढे काय झालं ते वाचायला मला आवडलं असतं.

‘एफुरू’च्या शेवटी नायिकेला स्वप्न पडतं, तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या उहामिरी देवीचं. देवी सुंदर आहे, श्रीमंत आहे, आणि तिला मूल नाही. आईपणाचं सुख तिने अनुभवलेलं नाही. मग बायका तिची पूजा का करतात? कादंबरी या प्रश्नावर संपते. तेरा वर्षांनी एमेचेटाने त्याच ओळीतले शब्द उचलून आपल्या पुस्तकाला नाव दिलं, आईपणाचं सुख. न्नू एगोला ते भरपूर मिळतं. थोरला ओशिया अमेरिकेत शिकायला जातो, पत्रं पाठवत नाही, धाकटा कॅनडात. ती इबुझाला परत येते, येणाऱ्याजाणाऱ्याला मुलांविषयी सांगत राहते आणि एका रात्री रस्त्याच्या कडेला एकटी मरून पडते. मग मुलगे येतात. ओशिया गावाने कधी पाहिला नाही असा दिवस घालतो, आपण किती चांगले पुत्र आहोत ते सगळ्यांना दिसावं म्हणून. या वेळचा खर्च खरंच त्याचा. त्यासाठी काढलेलं कर्ज फिटायला त्याला तीन वर्षं लागतात. आईच्या नावाने देऊळही बांधतात, मूल न होणाऱ्या नातवंडांनी तिथे मागायला जावं म्हणून. लोक जातात, मागतात. न्नू एगो कोणालाही मूल देत नाही.